ड्रॉवरमधली फ्लॉपी

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबानं मानूस झोपतो कधी?"

खिडकीतून हा प्रश्न आला तेव्हा अश्विनी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होती. तिनं वर बघितलं. जाळीच्या पलीकडं एक पोरगा उभा... डोळे लालभडक, केसांवर साखरेची भुकटी, कानाला मफलर. भांडायलाच आलाय हे दिसत होतं, पण इतका दमलेला, की भांडण त्याच्यानं होत नव्हतं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"रातपाळी करून पहाटं सुटलो. घरी जाऊन भाकरी खाल्ली, पाठ टेकली, तर गेटवरनं निरोप. म्हनं तुमचं नाव आज दुपारच्या पाळीत लागलंय, चला."

"नाव सांगा."

"गोरक्ष पालवे. साखरेच्या मशिनवर असतो." मग जरा थांबून, "घुबड म्हनून लिवलं तरी चालंल."

अश्विनीला हसू फुटत होतं. तिनं ते ओठातच धरलं, कारण त्याच्यामागं पार सायकल स्टँडपर्यंत माणसं उभी होती आणि त्यांच्यातलं कुणीच हसत नव्हतं. वर धुरानं भरलेलं आभाळ. चिमणीतून काजळीचे बारीक बारीक काळे तुकडे पडत होते, माणसांच्या टोप्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, तिच्या समोरच्या कागदावर.

आता हा सगळा गोंधळ कशानं झाला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कोपरगावच्या बाजूचा एक साखर कारखाना. त्याच्या टाइम ऑफिसात अश्विनी पगारे रोजंदारीवर कॉम्प्युटर चालवायची. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि त्याला हात लावायची हिंमत असलेलं माणूसही एकच. काम काय, तर कुठला कामगार कुठल्या पाळीत हे छापायचं आणि गेटवर लावायचं. हंगामात कारखाना अखंड चालतो. पहिली पाळी पहाटे चारला चढते आणि दुपारी बाराला सुटते. बाराला दुसरी चढते, ती रात्री आठपर्यंत. मग रात्रपाळी. दर आठवड्याला माणूस एका पाळीतून दुसऱ्या पाळीत सरकतो, म्हणजे रात्रीचं जागरण सगळ्यांच्या वाट्याला सारखं.

आणि हे सरकणं व्हायचं बाजारच्या दिवशी. दुसरीकडं कुठं होत असेल रविवारी, सोमवारी. इथं पहिल्यापासून बाजाराला. पाळी बदलताना माणसाला थोडी सवड मिळते, त्यात तो पिशवी घेऊन बाजार करून येतो. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय, गेटवरच्या कुत्र्याला पण माहीत होतं.

तर दोन हजार साल जवळ येत होतं, तारखांचा घोळ होईल म्हणत होते, म्हणून पुण्याच्या कंपनीनं प्रोग्राम नवा करून पाठवला. फ्लॉपी आली, अश्विनीनं ती कॉम्प्युटरमध्ये घातली, सगळं सुरळीत झाल्यासारखं दिसलं. आणि त्या नव्या प्रोग्रामनं आठवडा पालटला रविवारी! माणसं आपल्या सवयीनं बाजारच्या दिवशी सरकलेली, त्यांना कॉम्प्युटरनं परत सरकवलं. कुणाला लागून दोन पाळ्या, कुणाला एकही नाही. एका मशिनवर तीन माणसं, दुसऱ्यावर कुणीच नाही.

तिनं पुण्याला एसटीडी लावला.

"मॅडम, आठवडा रविवारी पालटतो," पलीकडचा माणूस म्हणाला. "सगळ्या जगात."

"जगात पालटत असेल सर. आमच्याकडं बाजाराला पालटतो."

"असं कसं?"

"कसं ते मला माहीत नाही. पण माझ्या खिडकीत एक माणूस उभ्या उभ्या झोपलाय, तो दिसतोय मला."

गोरक्षनं जाळीला टेकवलेलं डोकं उचललं आणि तिच्याकडं बघितलं. खरंच झोपला होता की नाही, कोण जाणे...

पुण्याचा माणूस म्हणाला, दुरुस्त करून पाठवतो, वेळ लागेल, तोपर्यंत एकेक नाव हातानं भरा. मग काय, अश्विनी बसली. रोज उशिरापर्यंत. जुने कागद शेजारी ठेवून एकेक माणूस त्याच्या त्याच्या जागी बसवत. बोटं गारठायची. बाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग, मळीचा आंबूस वास, आणि खिडकीपाशी दर थोड्या वेळानं कुणीतरी कुरकुरत.

गोरक्ष दुसऱ्या दिवशी परत आला. या वेळी झोप झालेली होती. डोळे बरे दिसत होते. खरं सांगायचं तर चांगलेच बरे दिसत होते.

"आता काय?" ती म्हणाली.

"तक्रार न्हाई. बघाया आलो, तुमी तरी झोपला का न्हाई."

आणि जाळीच्या खालच्या फटीतून त्यानं कागदाची पुडी आत सरकवली. तिनं उघडली. मशिनमधून नुकतीच निघालेली साखर. अजून कोमट होती.

"साखर कारखान्यात साखर वाटता?"

"थंडी हाय. हात शेकायला दिली. खायची का न्हाई ते तुमी बघा."

तिनं खाल्ली नाही. दुपारभर मुठीत धरून बसली. सीमा शेजारच्या टेबलावर टायपिंग करत होती. सीमा म्हणजे तिची डब्याची मैत्रीण, नजर अशी की फाईलच्या आडूनही दिसतं. ती म्हणाली, "अगं, एका हातानं किती वेळ टाईप करणारेस?"

अशी सुरुवात झाली.

गोरक्ष तिसगावकडचा. मराठवाड्याला लागून असलेला तो कोरडा भाग. हंगामी कामगार, म्हणजे हंगाम असेपर्यंत इथं, मग गावी. इथं तो छगन बापूंच्या घरी भाड्यानं राहायचा. छगन बापू त्याच मशिनवरचे जुने मिस्त्री. त्यांनीच त्याला मशिन शिकवलं होतं, आणि बापूंची बायको रतनबाई त्याला स्वतःच्या पोरासारखं वाढायची. पहिल्या पाळीत असला की तो बाराला सुटायचा, हातपाय धुऊन कँटीनला यायचा. अश्विनी आणि सीमा तिथंच डबा खायच्या.

"तुमच्या डब्यात रोज मेथी," तो शेजारच्या बाकावरून म्हणायचा.

"तुम्ही रोज मोजता वाटतं."

"मशिनवर ध्यान देऊन बघायची सवय लागलीय. काय आटलं, काय उतू चाललं..."

"मग काय दिसलं?"

"आज कायतरी उतू चाललंय."

सीमा चहाचा कप घेऊन उठायची. "मला टाईप करायचंय बाई."

एकदा अश्विनीचे वडील, आण्णा, तिला लूनावरून गेटपाशी सोडत होते. भीमराज पगारे याच कारखान्यातून बॉयलरवरून रिटायर झालेले. कडक माणूस, कुणी नमस्कार कसा घालतो यावरून माणूस ओळखणारे. गोरक्ष समोरून आला. हा रामराम करतो की मान खाली घालून निघून जातो? त्यानं सरळ थांबून म्हटलं, "जयभीम, काका." जसं रोजच म्हणत असावा. भीमराजांनी लूना बंद केली, जयभीम घातला, गाव विचारलं, खातं विचारलं. जाताना लेकीला म्हणाले, "पोरगं नीट बोलतं." एवढंच. पण अश्विनी दिवसभर हवेत होती.

आणि मग आली गोरक्षची रात्रपाळी.

रात्रपाळीचा माणूस ऑफिसच्या वेळेत दिसत नाही. ती येते तेव्हा तो झोपलेला, ती जाते तेव्हा तो यायचा असतो. आख्खा आठवडा... कँटीनचा बाक रिकामा, पलीकडं ऊसतोडीच्या गाड्यांचा चिखल, आणि डब्यातली मेथी अर्धी परत घरी. आठवडा असा लांबतो, हे तिला पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वेळी नावं भरताना ती थांबली.

साखरेच्या त्या मशिनचे तीन मिस्त्री. गोरक्ष, छगन बापू आणि करण. करण म्हणजे लेबर ऑफिसर काकासाहेबांचा भाचा. प्रोग्राम नीट होता तेव्हा करणलाही रात्रपाळी लागायची, कॉम्प्युटरला काय भाचा आणि काय मामा. पण नावं हातानं भरायला लागल्यापासून काकासाहेब टेबलापाशी येऊन हळूच म्हणायचे, "अश्विनी, करणला जरा दुपारच्याच पाळीत राहू दे. सर्दीचा कोठा आहे त्याचा." रोजंदारीवरची पोरगी लेबर ऑफिसरला काय बोलणार? म्हणजे करण कायमचा दुपारी. उरल्या दोन पाळ्या, सकाळ आणि रात्र. उरले दोघं.

तिनं गोरक्षला सकाळी टाकलं. रात्री छगन बापूंना.

एकदाच, ती मनात म्हणाली. एकच आठवडा.

पुढच्या आठवड्यात परत तेच केलं.

"तुमचा कॉम्प्युटर लई गुनाचा," गोरक्ष म्हणाला. "मला सारखी सकाळच देतो. नारळ फोडू का त्याच्यापुढं?"

"बिघडलाय तो," अश्विनी म्हणाली. कान तापले होते तिचे.

"बिघडलेलाच ऱ्हाऊ द्या मग."

तो गमतीत बोलला. पण तिनं ते ऐकलं... आणि नेमकी त्याच आठवड्यात पुण्याहून फ्लॉपी आली. पुठ्ठ्याच्या पाकिटात, वर छापील अक्षरात 'दुरुस्त प्रत'. सोबत चिठ्ठी, की आठवडा आता बाजारच्याच दिवशी पालटेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. घालायला फार वेळ लागला नसता. चहा निवायच्या आत झालं असतं. कॉम्प्युटरनं तिघांनाही आपोआप फिरवलं असतं. बापूंची रात्र सुटली असती, करणला लागली असती, आणि मग गोरक्षलाही.

तिनं फ्लॉपी ड्रॉवरमध्ये ठेवली. किल्ली फिरवली.

काकासाहेबांनी काही विचारलं नाही. त्यांनाही कुठं घाई होती.

एका दुपारी छगन बापू खिडकीत आले. एरवी कुणाच्या दारात न जाणारा माणूस. डोळ्यांखाली काळं, हातात सायकलची हवा भरायची नळी.

"पोरी, माझं नाव रातीतनं कधी निघायचं गं? तक्रार न्हाई करत. पर ह्या वयात सोसंना झालंय. दिसा झोप लागत न्हाई मला."

अश्विनीचा हात ड्रॉवरवरच होता. खरंच. किल्ली बोटाला लागत होती.

"बापू, कॉम्प्युटर बिघडलाय हो," ती स्क्रीनकडं बघत म्हणाली. "पुण्याहून फ्लॉपी यायचीय."

"आली की बघ तेवढं," बापू म्हणाले आणि गेले.

त्या रात्री तिनं ठरवलं, उद्याच घालायची. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी गोरक्ष तिला कँटीनपासून गेटपर्यंत सोडायला आला. आभाळ भरून आलं होतं, पाऊसबिऊस नाही, नुसतं कुंद. पाटाच्या कडेनं दोघं चालत होते. सीमा मुद्दाम मागं राहिलेली.

"हंगाम संपला की मी गावाला जातो," गोरक्ष म्हणाला.

"माहितेय."

"दरसाली एकटाच जातो. एश्टीत लई हादरे बसतात. रस्ता खराब हाय."

"त्याचं काय?"

"दोघं असलं की हादरे कळत न्हाईत म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"मीच. आत्ताच म्हनलो." तो थांबला. मफलर काढून हातात घेतला, परत गुंडाळला, परत काढला. "घरच्यांचं काय ते मी बघतो. तुझ्या आण्णांकडं मी सोता येतो. तुला चालंल का... एवढंच सांग. आज नगं. बाजारच्या दिवशी सांग."

'तू' म्हणाला होता. पहिल्यांदा.

अश्विनी परत फिरली. ऑफिसात येऊन बसली तर समोरचा कागद दिसेना. फ्लॉपी आठवली, पण बाजाराला दोनच दिवस होते. आता घातली तर नवा कागद निघणार, बाजारच्या दिवशी तो दुपारच्या पाळीत बाराला मशिनवर चढणार, मग उत्तर कुणाला द्यायचं? दोन दिवसांनी घालू. दोन दिवसांनी काय होतंय...

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी धुकं एवढं होतं, की लूनाच्या दिव्यापुढं चार हात दिसत नव्हतं. गेटवर माणसांचं कोंडाळं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सीमा पुढं आली, तिनं अश्विनीचा दंड धरला.

"छगन बापू," ती म्हणाली. "पहाटे घरी चालले होते सायकलवर. वाटेत उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही काही नाही. म्हणे पेंगले होते, तसेच जाऊन धडकले. मांडीचं हाड मोडलंय. डोक्याला पण लागलंय."

"आहेत ना?"

"आहेत. कोपरगावला दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं पायावर आलं. पण मशिनवर काही परत उभे राहायचे नाहीत."

अश्विनी आपल्या खुर्चीवर बसली. स्वेटर काढायचं सुद्धा सुचलं नाही तिला.

बाराला गोरक्ष सुटला. कँटीनला नाही आला, सरळ खिडकीत आला. चेहरा पार राखेसारखा.

"मीच सोडवलं बापूला पहाटं," तो म्हणाला. "मी गेलो, तवा मशिनला धरून उभे हुते. म्हनलं बापू, च्या घेऊन जावा. तर म्हनले न्हाई रं, डोळे मिटाया लागलेत, घर गाठतो." त्यानं जाळीत बोटं अडकवली. "सात वाजता कळालं मला. मशिन सोडता येईना, बदलीला मानूस न्हाई. पाच तास... मशिन फिरतंय आन् मी बघतोय."

तिला जाळीतून त्याच्या बोटांना हात लावायचा होता. लावला नाही.

"त्या पुन्यावाल्याला बोलवा तुमी," तो म्हणाला. "मला एकदा बघायचंय तो मानूस. एक फ्लॉपी धाडता येत न्हाई?"

तो दवाखान्यात गेला. अश्विनीनं सीमाला सगळं सांगितलं. ड्रॉवर उघडून दाखवला.

सीमानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, आज घाल. कुणी विचारलं तर आजच आली म्हण. ट्रॉलीला दिवा नव्हता, ती काय तू उभी केलीस? आणि तो विचारतोय तुला, अशू. उद्या हो म्हण आणि मोकळी हो. सांगितलंस तर सगळं जाईल."

"जाईल," अश्विनी म्हणाली.

"मग?"

तिनं ड्रॉवर परत लावला.

बाजारचा दिवस उजाडला. गोरक्ष दुपारी सायकल स्टँडपाशी उभा होता. दाढी वाढलेली, झोप नाही. तरी तिला बघून त्यानं मफलर नीट केला. हे बघून तिला इतकं वाईट वाटलं, इतकं... की वाटलं, काही सांगू नये. हो म्हणावं आणि या माणसाला थोडं तरी बरं वाटू द्यावं.

"उत्तर द्यायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली.

"सांग की."

"फ्लॉपी आलेली आहे."

"कधी? आज?"

"झाले काही आठवडे. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी घातली नाही."

त्याला कळलं नाही. "म्हंजे... कॉम्प्युटर बिघडला नव्हता?"

"बिघडला होता. नीट करता येत होता. मी केला नाही."

"कशापायी?"

"तुम्ही बाराला सुटावं म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावर आधी काय आलं सांगू? हसू. अगदी एक पळभर. कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं, याचं जे आपोआप येतं ना, ते. आणि मग ते तिथल्या तिथं विझलं. तिनं दोन्ही बघितलं.

"बापू इचारायला आले हुते तुमच्याकडं," तो म्हणाला.

परत 'तुमच्याकडं'.

"हो."

"आन् तुमी?"

"खोटं सांगितलं."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पाटातलं पाणी सुद्धा आवाज न करता चाललं होतं. बराच वेळ तो आपल्या सायकलची घंटी बोटानं फिरवत राहिला, न वाजवता.

"मला काय सांगताय," शेवटी म्हणाला. "पाय माझा मोडलाय का?" आणि सायकल घेऊन गेला.

अश्विनी ऑफिसात आली, ड्रॉवर उघडला, फ्लॉपी घातली. खरंच, चहा निवायच्या आत झालं. नवा कागद निघाला. त्यात रात्रपाळीला करण.

काकासाहेब कागद घेऊन आले. "हे काय? करणचं तेवढं हातानं बदल."

"प्रोग्राम आता नीट झालाय साहेब. हातानं काही बदलायचं नाही."

"रोजंदारीवर आहेस तू."

"हो साहेब." तिनं कोरा कागद पुढं ओढला. "फ्लॉपी आली तरी मी घातली नव्हती, हे मी लिहून देते. करणला दुपारी ठेवा कुणी सांगितलं, ते पण लिहू का?"

काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद तसाच गेटवर लागला.

संध्याकाळी ती एकटी दवाखान्यात गेली. बापूंचा पाय वजन लावून वर टांगलेला. रतनबाई पायथ्याशी बसलेल्या. अश्विनीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कारण बसली असती तर सांगता आलं नसतं. कशासाठी केलं ते सुद्धा सांगितलं. रतनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. त्या मग शेवटपर्यंत वळल्या नाहीत.

बापू म्हणाले, "तवा तू माझ्याकडं बघितलं न्हाईस. तुझ्या कॉम्प्युटरकडं बघून बोललीस. मला कळाया पायजे हुतं."

"बापू..."

"रडू नगं. मला रडनं ऐकवत न्हाई आता, डोकं दुखतं. आलीस ते बरं केलंस." मग डोळे मिटून म्हणाले, "माफबिफ म्हनाया मला जमायचं न्हाई लगेच. बघू."

ती घरी आली. आण्णांना सांगितलं. त्या रात्री भीमराज जेवले नाहीत. सकाळी मात्र लूना काढून गप उभे राहिले, आणि तिला सोडून स्वतः पुढं दवाखान्यात गेले, रतनबाईंना डबा द्यायला. मग ते रोजच जाऊ लागले.

इकडं बापूंच्या जागेवर बदली माणूस मिळाला, पण नवखा. दिवसा कुणी शेजारी असलं तर चालवील, रात्री एकट्याच्या हातात मशिन देता येईना. गोरक्ष खिडकीत आला. त्यानं आत बघितलं नाही, कट्ट्यावर साचलेल्या काजळीकडं बघत बोलला.

"बापूच्या वाटच्या रात्री माझ्या नावावर टाका. माझ्या बी हायेत त्या ऱ्हाऊ द्या. पट्टा पडेस्तोवर."

पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. अजून कितीतरी दिवस होते त्याला.

"करणची पण पाळी आहे ना—"

"त्याची तो करील. बापूच्या माझ्या."

"मग आपण..."

"न्हाई दिसायचो," तो म्हणाला. "टाका नाव."

तिनं टाकलं. एकेक अक्षर दाबून. पालवे गोरक्ष, रात्रपाळी. खाली परत पालवे गोरक्ष, रात्रपाळी. प्रिंटर करकरत होता आणि तो ऐकत उभा होता. कागद बाहेर आला तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. ती यायची, काम करायची, मेथीची भाजी खायची. सीमा शेजारी बसायची आणि काही विचारायची नाही, हे तिचं खूप मोठं होतं. करणच्या रात्रीच्या आठवड्यात गोरक्ष दिवसपाळीत असायचा, तरी कँटीनला फिरकायचा नाही. संध्याकाळी ऑफिस सुटताना गेटवर वळून बघावं वाटायचं. तो आठला येतो, तिची लूना साडेपाचला जाते. कधीतरी पहाटे जाग यायची. मग वाटायचं, आता सुटला असेल, आता त्या रस्त्यावरून चालला असेल... आणि घरी पोचायला त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती अंथरुणात जागी राहायची. बापू कुबड्या घेऊन घरी आले, हे तिला आण्णांकडून कळलं. रतनबाईंनी एके दिवशी डबा परत पाठवताना त्यात लिंबाचं लोणचं घालून दिलं, हेही.

मार्चमध्ये ऊन चढलं, बाहेरच्या गाड्या विरळ झाल्या, आणि एका सकाळी पट्टा पडला. कारखान्याचा भोंगा खूप वेळ वाजला. चिमणीचा धूर हळूहळू बंद झाला. इतके महिने कानात बसलेली घरघर थांबली, आणि ऑफिसात पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

हंगामी माणसं आपापले बिल्ले जमा करायला खिडकीत यायला लागली. अश्विनी घेत होती, नोंद करत होती. दुपारी गोरक्ष आला. खांद्याला पिशवी, पायात गावाकडं जायच्या चपला. वाळला होता. त्यानं बिल्ला जाळीखालून सरकवला. तिनं घेतला. अजून कोमट होता, खिशातला.

"तिसगावला?" तिनं विचारलं.

"व्हय."

मागं कुणी नव्हतं. तरी तो गेला नाही.

"मी रागात ऱ्हायलो," तो म्हणाला. "रोज रातीला म्हनायचो, आता जाईल, आता जाईल. जात न्हाई."

"जाऊ नये," अश्विनी म्हणाली. "पण तुम्ही मला विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं. ते तुम्हाला आता नको असेल. तरी सांगते... चाललं असतं मला. अजूनही चालेल. बस, एवढंच."

लांब फाट्यावर एसटी येऊन थांबल्याचा आवाज आला, कंडक्टरची घंटी.

"पुढच्या हंगामाला बोलावलं," तो म्हणाला, "तर मला कुठली पाळी लागंल?"

तिनं पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं. खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं, गोड पण वाटलं असतं.

"प्रोग्राम लावील ती," ती म्हणाली. "सगळ्यांसारखी. रात्र आली तर रात्र."

गोरक्षनं मान हलवली. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मग चालंल," तो म्हणाला, आणि फाट्याकडं निघाला.